भोगवटादार : खुद्द

आमच्या घराची मोजणी झाली तो गुरुवार होता. वार लक्षात राहिला तो लाल ठिपक्यामुळे. मोजायला आलेल्या मुलाच्या हातात मोबाइलएवढं यंत्र होतं. एका भिंतीला ते टेकवलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटे आणि यंत्रावर आकडा येई. स्वयंपाकघरात तो ठिपका नेमका कालनिर्णयवर पडला. गुरुवारच्या चौकोनात हिने दुधाच्या खाड्याची फुली मारली होती, तिच्यावर तो क्षणभर थरथरला आणि स्थिरावला. "तीन पॉइंट बारा," मुलगा म्हणाला आणि पुढच्या खोलीकडे वळला. चहा घ्यायला थांबला नाही. "अजून चाळीस घरं आहेत काका."

मी त्याच्या मागेमागे हिंडत होतो. स्वतःच्या घरात कुणाच्या मागे हिंडायची वेळ सहसा येत नाही. देवघराच्या कोनाड्यात ठिपका गेला, तसा मी उगाच घसा खाकरला. त्याचं लक्ष नव्हतं. पडवी झाली, न्हाणीघर झालं, मागची खोली झाली. परसातली लाकडं ठेवायची पत्र्याची शेडही त्याने सोडली नाही. तिथे एक जुना पाटा, दोन फुटक्या कुंड्या आणि मांजर होतं. मांजर ठिपक्यावर झडप घालायला धावलं. साऱ्या मोजणीत तेवढाच एक प्रतिकार.

माझ्या वडिलांनी मीटरमध्ये घर सांगितलं नसतं. ते खण सांगत. "पाच खण आणि पुढं पडवी" एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला घर दिसे, त्यात माणसं किती मावतील आणि लग्नाची पंगत कुठे बसेल, तेही दिसे. वडील प्राथमिक शिक्षक. बहात्तरच्या दुष्काळानंतर, हाताला जरा उसंत मिळाल्यावर, त्यांनी शिक्षक सोसायटीचं कर्ज काढून हे घर बांधलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. तहसीलदार कचेरीत तीन खेपा घालून चाळीस पोत्यांचं परमिट हाती आलं. चाळीस पोत्यांत घर होत नाही, म्हणून आमच्या भिंतींत सिमेंट कमी नि चुना जास्त, आणि खाली शहाबादी फरशी. त्या साऱ्याचा हिशेब त्यांनी शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवला आहे. विटांचे दोन ट्रक, गवंड्याचा रोज, कौलं, खिळे, पायाच्या नारळाचे पैसे. शेवटच्या पानावर बेरीज नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "बेरीज करून कुणाला विकायचंय?"

हे वाक्य पुढे माझ्या फार कामी आलं. कामी आलं म्हणजे छळलं त्याने.

दोन महिन्यांनी नोटीस आली. चतुर्वार्षिक करमूल्य आकारणी असं भारदस्त नाव, खाली कलम ११९, आणि हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत. जुनी घरपट्टी ९४३ रुपये होती. नवी ३,१२६. शिक्षण कर आणि वृक्ष कर निराळे. आमच्या आळीत त्या संध्याकाळी प्रत्येक ओट्यावर एकच कागद आणि एकच चर्चा. चष्मे नाकावर आले, कॅल्क्युलेटर निघाले. तीनपटीच्या वर! मीही हिशेब मांडायला बसलो, आणि त्या हिशेबातच मला तो पहिल्यांदा भेटला.

हिशेब असा. घर ६७ चौरस मीटर. दर चौरस मीटरला महिना १८ रुपये भाडं. म्हणजे महिन्याला १,२०६, वर्षाला १४,४७२. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा. उरले १३,०२५, हे करयोग्य मूल्य. त्यावर २४ टक्के कर. गणित चोख होतं. एकच गोष्ट कळेना: भाडं कुणाचं? या घरात पन्नास वर्षांत भाडेकरू राहिलेला नाही. पुतण्या शिकायला चार वर्षं होता, त्याच्याकडून आम्ही लोणच्याच्या कैऱ्या चिरून घेतल्या, भाडं नव्हे.

कायद्याची भाषा समजावून सांगायला मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मदत केली, तो वकील आहे. घरपट्टी तुमच्या घरावर नसते सर, असं तो म्हणाला, ती तुमच्या घराला जे भाडं वाजवीपणे येऊ शकलं असतं त्यावर असते. तुम्ही राहता की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कायदा अशी कल्पना करतो की घर रिकामं आहे, बाजारात आहे, आणि एक समंजस भाडेकरू दारात उभा आहे. तो फार घासाघीस करत नाही, फार उदारही नाही. तो जे भाडं कबूल करील, ते तुमच्या घराचं मूल्य. ही पद्धत इंग्रजांकडून आली, आणि हा भाडेकरूही त्यांच्याबरोबरच आला.

त्या रात्री मला झोप आली नाही. पैशाचं म्हणाल तर वर्षाला दोन हजार वाढले, पेन्शनीत ते जाणवतात, पण झोप उडावी इतके नव्हेत. झोप उडाली ती घरात कुणीतरी आहे या जाणिवेने. पन्नास वर्षं हा माणूस आमच्या घरात राहतोय. वडिलांनी पडवीत आरामखुर्ची टाकली तेव्हाही तो होता. आई गेली, घरभर माणसं मावेनात, तेव्हाही नगरपरिषदेच्या दप्तरात घरात तो एकटाच होता, वाजवी, अबोल, वेळेवर भाडं देणारा. त्याने आमचा नळ कधी गळू दिला नाही, कारण त्याला पाणी लागत नाही. त्याच्या पोरांनी भिंतीवर रेघोट्या मारल्या नाहीत. भाड्याचा मात्र आजवर माझ्या हाती एक रुपया पडलेला नाही. त्यावरचा कर तेवढा मी भरतो.

सकाळी हिला सांगितलं. ती कुकर लावत होती. म्हणाली, "पन्नास वर्षं राहतोय आणि एकदा भाजी आणून दिली नाही? असला भाडेकरू ठेवू नका बाई."

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला करच नको आहे असं नाही. सकाळी सहाला घंटागाडी येते, तिच्यामागे ज्या दोन बाया चालतात त्यांना पगार लागतो. नळाला एक दिवसाआड का होईना पाणी येतं. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली. मला गावाबाहेरचा जकात नाका आठवतो: आडवा बांबू, कंदील, खाटेवर पेंगणारा शिपाई, आणि ऊस सोडून बाकी प्रत्येक मालाच्या ट्रकशी चालणारी हुज्जत. नाका गेला, बांबू गेला, आणि गावाच्या तिजोरीत स्वतःची म्हणावी अशी मोठी धार घरपट्टी नि पाणीपट्टीचीच उरली. बाकी सारं वरून येणाऱ्या अनुदानावर. गाव चालवायचं तर कुणीतरी द्यायला हवं हे मला मान्य आहे. रस्त्यासाठी मागा, दिव्यासाठी मागा, अग्निशमनाच्या त्या एकुलत्या गाडीसाठी मागा. माझं भांडण त्या माणसाशी आहे ज्याला माझ्या खुर्चीत बसवून माझ्याकडून पैसे घेतात.

आणि गंमत पाहा, याच देशाचं दुसरं सरकारी खातं त्याला ओळखत नाही. आयकराचं विवरणपत्र भरताना स्वतः राहत्या घराचं वार्षिक मूल्य शून्य लिहितात. २०१९ च्या अर्थसंकल्पापासून तर अशी दोन घरं शून्य धरता येतात. दिल्लीला ठाऊक आहे की या घरात भाडेकरू नाही. दोन गल्ल्यांपलीकडच्या कचेरीला, जिथला शिपाई माझा विद्यार्थी आणि जिथला कारकून रोज संध्याकाळी माझ्या पडवीवरून जातो, तिला ठाऊक नाही.

पुण्याने एके काळी यावर तोड काढली होती. तिथल्या महापालिकेने १९७० मध्ये ठराव करून, जो स्वतःच्या घरात स्वतः राहतो त्याच्या करयोग्य मूल्यात चाळीस टक्के सवलत दिली. मला तो ठराव फार आवडतो. भाडेकरू कल्पनेतला आहे याची ती एका कचेरीने दिलेली चाळीस टक्के कबुली होती. जवळजवळ पन्नास वर्षं ती चालली. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य शासनाने ठराव रद्द केला, सवलत गेली, फरकाची थकबाकी निघाली, शहरभर ओरड झाली. अखेर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती १ एप्रिल २०१९ पासून पुन्हा लागू केली. पण ज्यांची सवलत गेली होती त्यांना पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागला, की आपल्या घरात आपणच राहतो. सोबत पुरावा: सोसायटीचं पत्र, मतदान ओळखपत्र, गॅसकार्ड, वाहनपरवाना, शिधापत्रिका.

या पुराव्यांवर मी बराच वेळ विचार केला. आपल्या घरात आपणच राहतो, हे मी कशाने सिद्ध केलं असतं? गॅसकार्डावर तर अजून वडिलांचंच नाव आहे. अंधारात उठून दिवा न लावता न्हाणीघरापर्यंत जाता येतं, हा पुरावा चालेल का? मधल्या उंबऱ्याला पाय लागत नाही माझा, पाहुण्यांचा हमखास लागतो. पावसाच्या पहिल्या सरीला कुठल्या कौलाखाली पातेलं ठेवायचं हे आम्हा दोघांना न बोलता माहीत आहे. समंजस भाडेकरूला हे कसं कळणार? त्याने तर घरमालकाला चिठ्ठी लिहिली असती.

मुंबईत २०२२ च्या १ जानेवारीपासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. तिथे माप आकाराचं आहे, राहणाऱ्याचं नाही. पाचशे फुटांत राहणाऱ्याने ती खोली भाड्याने दिली तरी माफ. मुंबईकरांच्या सुखावर मी विरजण घालत नाही, पण मला हवं ते हे नव्हे.

गावात विरोध सुरू झाला तो आपल्या पद्धतीने. चौकात टेबल मांडलं, हरकतीचे छापील अर्ज वाटले. अर्जावर वर पुढाऱ्याचा फोटो, खाली सहीला दोन इंच जागा. नगरपरिषदेवर मोर्चा निघाला. सगळे पक्ष एक झाले, जसे ते आमच्याकडे फक्त घरपट्टीला आणि गणपतीच्या मिरवणुकीच्या वेळेला होतात. "गरिबांच्या घरावर कर लावणाऱ्यांचा धिक्कार असो" या घोषणेत ज्यांचा आवाज सर्वांत मोठा होता ते बसस्थानकाजवळच्या चार मजली लॉजचे मालक होते. त्यातला चौथा मजला नकाशात नाही, हे सर्व गावाला माहीत आहे. लाल ठिपक्यालाही आता माहीत झालं आहे. मी मोर्च्यात अर्ध्या वाटेपर्यंत होतो. मग लाजलो आणि औषधाच्या दुकानात शिरलो.

लाजण्याला कारण होतं. आमची मागची खोली १९९१ ची. ती नोंदवायची राहिली होती. राहिली म्हणजे, वडिलांनी राहू दिली. आयुष्यभर मुलांना 'खरं बोलावं' हे शुद्धलेखन घालणाऱ्या माणसाने अकरा चौरस मीटर गिळून टाकले होते. त्यांच्या हिशेबाच्या पानांत त्या खोलीचा खर्च आहे, नगरपरिषदेच्या पानांत खोली नाही. त्यामुळे ९४३ हा आकडा ज्याला मी इतकी वर्षं 'आमची घरपट्टी' म्हणत आलो, तोही काही स्वच्छ नव्हता.

पलीकडच्या काकूंची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचा वाडा एके काळी अकरा खणांचा. सोपा पडला, माडी बसली, उरलेल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात, नवऱ्याच्या निम्म्या पेन्शनवर. मुलगा परगावी, येतो तो दिवाळीला. मोजणीत पडका सोपाही धरला गेला होता, कारण भिंती उभ्या आहेत. त्यांची नोटीस मी वाचून दाखवली. भाड्याचा सगळा हिशेब समजावला, माझा तो भाडेकरूही सांगितला, जरा रंगवूनच. वाटलं, हसतील. काकू वाती वळत होत्या. वळता वळता म्हणाल्या, "म्हणजे सरकारच्या हिशेबाने माझ्या घरात पाच-सहा माणसं असतील, नाही?"

"असतील की."

"मग त्यातलं एक तरी रात्री पाणी द्यायला उठेल का, बघ. मला गुडघ्यानं उठवत नाही."

मी त्यांच्या कागदाची घडी घातली आणि हरकतीचा अर्ज हाताने लिहिला, फोटोशिवाय.

याच दिवसांत वाचनालयातून धरमपालांचं एक पुस्तक घरी आलं. १९७१ मध्ये निघालेलं, जयप्रकाश नारायणांची प्रस्तावना. भारतीय परंपरेतल्या असहकारावरचं हे पुस्तक जवळजवळ सगळं कंपनी सरकारच्या पत्रव्यवहारावर उभं आहे, आणि त्यातला मोठा भाग काशीच्या घरपट्टीचा. मी मध्यरात्रीपर्यंत वाचत बसलो. माझ्या त्या भाडेकरूलाही वाचून दाखवावं असं वाटलं.

१८१० मध्ये कंपनीने नवा कायदा करून बंगाल-बिहारातल्या शहरांत आणि काशीत घरांवर कर बसवला. भाड्याच्या घरावर त्याच्या भाड्याच्या मानाने. आणि मालक स्वतः राहत असेल, तर शेजारपाजारच्या तशाच घराला जे भाडं येतं त्यावरून. बघा, तिथेही हाच उभा आहे, दोनशे वर्षांपूर्वी, गंगेकाठच्या दारात. काशीच्या लोकांना तो ओळखू आला नाही. आपण बांधलेल्या, आपण राहणाऱ्या घराचं भाडं ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरेना. आपल्याकडच्या जुन्या राज्यांनी कर कमी घेतले असं नाही. लग्नटका घेतला, म्हैसपट्टी घेतली, पाटदाम घेतले. पण त्यात निदान लग्न होतं, म्हैस होती. नसलेल्या भाडेकरूवरची पट्टी ही निराळी विद्या.

मग डिसेंबरात काशी बंद झाली. दुकानं मिटली. लोहार कामावरून उठले, न्हावी, शिंपी, विणकर, भोई, नावाडी उठले. आणि लोक घरं सोडून शहराबाहेरच्या मैदानात जाऊन बसले. हजारो माणसं, भर थंडीत, रात्रंदिवस उघड्यावर. शस्त्र नाही, मारामारी नाही, नुसतं बसणं. कलेक्टर-मॅजिस्ट्रेटच्या पत्रांतून तो काळजीचा सूर ऐकू येतो: यांना हटवायचं कसं, ही काही करतच नाहीत. अंत्यविधी करणारेही उठल्यामुळे प्रेतं संस्कारांवाचून गंगेत सोडावी लागली. काशीत हे घडणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

मी पुस्तक उपडं ठेवलं आणि त्या मैदानाचाच विचार करत राहिलो. घरावरच्या कराला विरोध म्हणून माणसं घराबाहेर जाऊन बसतात, यातलं शहाणपण आमच्या छापील अर्जांत नाही. तुम्ही म्हणता ना घर रिकामं आहे, बाजारात आहे? मग घ्या, हे रिकामं केलं. आता बसवा तुमचा भाडेकरू. काशीत तेव्हा ब्रह्माघाट, दुर्गाघाटावर आपली मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, अमृतराव पेशवे इंग्रजांची पेन्शन घेऊन येऊन राहिले होते. त्या मैदानात एखादी नऊवारी नेसलेली म्हातारी शेगडी पुढ्यात घेऊन बसली असेल की नाही, पत्रव्यवहारात लिहिलेलं नाही. मी तिला आपली बसवली. तिचे गुडघे दुखत होते.

सरकारने मग देवस्थानांची आणि गरिबांची घरं वगळली, फौज बोलावली, काशीनरेश मध्ये पडले, माणसं हळूहळू उठून घरी गेली. लढा जिंकला असं तेव्हा कुणी म्हणालं नसेल. पण १८१२ मध्ये तो कर सरकारने मागे घेतला. दुसऱ्या वाटेने तो पुढे परत आला, आणि आज माझ्या हातात आहे.

सुनावणीचा दिवस. नगरपरिषदेच्या वरच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, भिंतीवर महापुरुषांचे फोटो, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दोनशे जण. पुकारा होई तसा एकेक पुढे. बहुतेकांचं भाषण एकच: दर फार आहे. मी मनात वेगळं बांधून आणलं होतं. काशीपासून आयकरापर्यंत सगळं.

अधिकारी तरुण होता, बत्तिशीचा. नुकताच बदलून आलेला. त्याने माझी फाइल उघडली. "सर, हरकत कशाला? दराला, मापाला, की वापराला?"

"भाडेकरूला," मी म्हणालो.

"भाडेकरू आहे?"

"नाही. तुमच्या कागदात आहे. महिना १,२०६ रुपये भाडं देतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग पुन्हा माझ्याकडे, आणि अगदी मनापासून हसला. "सर, खरंच बाराशेत देता का? मला द्या. मी दोन खोल्यांचे साडेसहा हजार देतोय, वर पाण्याचे वेगळे. बायको माहेरी आहे, घर मिळालं की आणतो म्हणून."

मागचे लोकही हसले. मी हसलो की नाही आठवत नाही. काशी तोंडात तशीच राहिली. इतके दिवस ज्याच्याशी मी रात्री भांडत होतो तो पहिल्यांदा समोर बसला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आणि त्याला राहायला जागा नव्हती. त्याच्या गावी त्याचंही घर असेल. तिथली घरपट्टी भरत असेल कुणीतरी.

"दर ठरलेला आहे, तो माझ्या हातात नाही," तो पुढे म्हणाला, आता हळू आवाजात. "बाजारभावापेक्षा तो कमीच धरलाय, हे तुम्हीही जाणता. मापात काही चुकलं असेल तर सांगा."

मी म्हणालो, मागची खोली खरी आहे. १९९१ ची आहे, तेव्हापासून धरायला हवी होती. शेड मात्र पत्र्याची आहे, तिला तिन्ही बाजूंनी भिंती नाहीत, तिच्यात मांजर राहतं. त्याने फोटो पाहिला, शेडवर रेघ मारली. आणि पलीकडच्या काकूंचा अर्ज मी पुढे सरकवला. त्यांना येववत नाही म्हणालो. पडक्या सोप्याचे मी मोबाइलवर काढलेले फोटो त्याने एकेक करून, बोटाने मोठे करून पाहिले. सोप्यात एरंड उगवला आहे. "हे बांधकाम नाही," तो म्हणाला आणि तिथेही रेघ मारली.

निघताना मी विचारलं, की नोटिशीत भोगवटादाराचा रकाना आहे, त्यात 'खुद्द' असं लिहिलंय. ते लिहून घेता, मग हिशेबात त्याचं काय होतं?

"हिशेबात काही होत नाही सर," तो म्हणाला. "नोंदीला असतं ते."

माझं म्हणणं एवढंच आहे. त्या रकान्याचं हिशेबात काहीतरी व्हायला हवं. पुण्याने चाळीस टक्के केलं होतं. गावोगावच्या नगरपरिषदांनी वीस करावं, दहा करावं, पण जो माणूस आपल्या एकुलत्या घरात स्वतः राहतो, ज्याने ते विकायला बांधलं नाही आणि भाड्याने दिलं नाही, त्याच्याकडून पाणी-दिव्याचा खर्च हक्काने घ्यावा. त्याच्या आरामखुर्चीचं भाडं धरू नये. आणि चौथा मजला ज्यांनी लपवला त्यांच्याकडून तो पुरेपूर वसूल करावा, मागच्या खोलीवाल्यांकडूनसुद्धा.

महिन्याने निकाल आला. 'हरकत अंशतः मान्य.' क्षेत्र ६३ चौरस मीटर, कर २,९३९ रुपये. माझ्या भाडेकरूचं भाडं बहात्तर रुपयांनी उतरलं. काकूंचा सोपा वगळला गेला. त्यांच्याकडे आता सरकारच्या हिशेबानेही दोनच खोल्या आहेत आणि रात्री पाणी द्यायला आमची ही जाते.

पैसे भरून पावती घेतली आणि वडिलांच्या हजेरीपटात ठेवली, बेरीज नसलेल्या पानावर. तुमच्याकडे नोटीस येईल तेव्हा रकमेच्या आधी भोगवटादाराचा रकाना वाचा, आणि हरकतीच्या अर्जात त्याच्याबद्दल एक ओळ लिहा. अर्ज स्वतःच्या हाताने लिहा. मुदतीची तारीख नोटिशीवर खाली, बारीक अक्षरात असते.